कंडेन्सरचा व्हॅक्यूम आणि विश्वाचा शेवट

माझा एक जुना विद्यार्थी कोल्हापूरजवळच्या एका साखर कारखान्यात सहवीजनिर्मितीच्या प्लँटवर असतो. परवा त्याचा निरोप आला: "सर, आठवीतल्या पोरीनं विचारलं, सूर्य विझला तर माणसं दुसऱ्या ताऱ्याकडं जातील, पण तोही विझणारच की, मग पुढं? मी म्हटलं, सरांना विचारतो. खरं सांगा, विचार करणारं कुणीतरी या विश्वात कायम राहील अशी काही सोय भौतिकशास्त्रात आहे का, की आपण पोरांना उगीच आशा दाखवतो?"

एकतीस वर्षं कोल्हापुरात भौतिकशास्त्र शिकवलं, त्यातली बरीचशी अमावास्येच्या रात्री पोरांना मसाई पठारावर नेऊन थंडी खाण्यात गेली. हा प्रश्न तिथं दरवर्षी कुणी ना कुणी विचारायचंच, आणि वेळ नसल्यानं मी दोन वाक्यांत गुंडाळायचो. आता निवृत्त आहे, वेळच वेळ आहे. उत्तर लांबलं तर सोसून घे.

आधी सरळ सांगतो. 'कायम' या शब्दाची हमी आजचं भौतिकशास्त्र देत नाही. १९७९ साली अशी हमी मिळू शकेल असं एक गणित मांडलं गेलं होतं. १९९८ साली ते डळमळलं. पण 'कायम नाही' याचा अर्थ 'थोडाच वेळ' असा नाही. मधे जो काळ पडलाय त्याच्यापुढं सूर्याचं आख्खं आयुष्य म्हणजे चहाची सुट्टी.

पोरीच्या प्रश्नात एक गैरसमज दडलाय, तो आधी काढू. तिला वाटतं ऊर्जा संपेल. ऊर्जा संपत नाही, तुला हे सांगायची गरज नाही. तुझ्या टर्बाईनमधून गेलेली वाफ थंड होऊन पाणी व्हायला कंडेन्सरमध्ये येते तेव्हाही तिच्यात भरपूर उष्णता असते, पण तिच्यातून एक युनिटसुद्धा काढता येत नाही. काम होतं ते बॉयलर तापलेला आणि कंडेन्सर थंड, या फरकावर. एप्रिलमध्ये कूलिंग टॉवरचं पाणी गरम येऊ लागलं की कंडेन्सरमधला व्हॅक्यूम पडतो आणि तेवढंच बगॅस, म्हणजे उसाचं चिपाड, जाळून युनिटं कमी निघतात, याबद्दल तू माझ्याशी तासभर बोलला होतास. विश्वाचा शेवट म्हणतात तो त्याच तक्रारीचा मोठा अवतार आहे. सगळीकडं एकच तापमान झालं की उष्णता कितीही असो, कामाला येत नाही.

आपणही त्या फरकावरच जगतो. पृथ्वी सूर्याकडून जेवढी ऊर्जा घेते, जवळजवळ तेवढीच रात्रंदिवस अवकाशात परत सोडते. मग आपल्या पदरात पडतं काय? सूर्याचा प्रकाशकण साडेपाच हजार अंशांच्या पृष्ठभागावरून येतो, 'मोठी नोट' असतो. पृथ्वी सोडते ते अवरक्त कण म्हणजे चिल्लर. एका नोटेमागं साधारण वीस नाणी. नोट मोडून चिल्लर करण्याच्या त्या व्यवहारात ऊस वाढतो, पाऊस पडतो, आणि तुझी पोरगी प्रश्न विचारते. तेव्हा खरा प्रश्न असा: नोटा मोडून देणारं दुकान विश्वात किती दिवस उघडं राहील?

आपलं जवळचं दुकान सूर्याचं. तो दर सेकंदाला साधारण ६० कोटी टन हायड्रोजन जाळतो, वय ४६० कोटी वर्षं, आणि अजून सुमारे ५०० कोटी वर्षं तो नीट चालेल. सगळी पुस्तकं हा आकडा देऊन गप्प बसतात. माझ्या मते हाच आकडा पोरांची दिशाभूल करतो, कारण पृथ्वीवरच्या जीवनाची मुदत सूर्य विझण्याशी बांधलेलीच नाही. सूर्य विझण्याच्या फार आधी अडचण करतो, तीही जास्त तेजस्वी होऊन. दर १०० कोटी वर्षांत त्याचं तेज साधारण दहा टक्क्यांनी वाढतं.

आता हे आपल्या रानात बघ. पावसाच्या पाण्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळतो, पाणी किंचित आंबट होतं आणि काळा कातळ खातं. पन्हाळा, जोतिबा, मसाई पठार हा सगळा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा दगड. माथ्यावरचा तांबडा जांभा म्हणजे त्याच दगडाचा झिजून उरलेला चोथा. त्या झिजेत पकडला गेलेला कार्बन पंचगंगेतून नरसोबाच्या वाडीला कृष्णेत जातो, तिथून बंगालच्या उपसागरात, आणि शेवटी समुद्राच्या तळाशी चुनखडी होऊन बसतो. ज्वालामुखी तो हळूहळू हवेत परत आणतात. हिशेब एरवी बरोबर जुळतो. पण सूर्य तापत गेला की झीज वाढते आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड कमी होत जातो. आज आपण धुराडी पेटवून उलटा प्रकार चालवलाय, दहा लाख भागांत ४२० च्या वर नेलाय. पण ही शेदोनशे वर्षांची धांदल त्या लांबच्या उताराला थांबवत नाही.

मग आधी मरतं कोण? भात. भात, गहू, आंबा, वड या वनस्पतींना जगायला दहा लाखांत साधारण १५० भाग तरी कार्बन डायऑक्साइड लागतो. ऊस, ज्वारी, मका वेगळ्या घराण्यातले. त्यांच्या पानात कार्बन आधी पकडून दाबून साठवायची वेगळी खोली असते, त्यामुळं ते दहाएक भागांवरही तग धरतात. ही युक्ती शास्त्रज्ञांच्या लक्षात आली तीच मुळी उसाच्या पानात. हॅच आणि स्लॅक या दोघांनी १९६६ साली ऑस्ट्रेलियात ती उलगडून दाखवली. म्हणजे आजऱ्याचा घनसाळ भात जाईल आणि शिरोळचा ऊस मागं राहील, असा हा क्रम. भातवाल्यांची मुदत ढोबळमानानं साठएक कोटी वर्षं, ऊसवाल्यांची १०० कोटींच्या आसपास. अलीकडच्या काही गणितांत ती बरीच लांबतेही. उसाला शेवटपर्यंत भाव मिळत नाही म्हणतात, इथं त्याला निदान शेवटचा मान तरी मिळेल.

त्यानंतर समुद्रच वाफ होऊन जायला लागतात. तेव्हा पोरीला सांग, आपली पहिली मुदत पाचशे नव्हे, शंभर कोटींची. तीही कमी नाही. आपली माणूसजात जन्मून तीनेक लाख वर्षंच झालीत.

या मुदतीवर उपाय नाही असं नाही. २००१ साली कोरिकान्स्की, लाफलिन आणि अ‍ॅडम्स या तिघांनी हिशेब मांडला की शंभरेक किलोमीटरचा एखादा दगड पृथ्वीजवळून बेतानं फिरवत राहिलं, दर सहा हजार वर्षांनी एकदा, तर पृथ्वी थोडी थोडी बाहेर सरकत जाईल आणि सूर्य तापला तरी ऊन आजच्याएवढंच राहील. नेम चुकला तर मात्र तोच दगड अंगावर. मला हा शोधनिबंध फार आवडतो. त्यात कुठलंही नवं भौतिकशास्त्र नाही, नुसती चिकाटी आहे.

सूर्यानंतरच्या जागा शोधायच्या तर तांबडे खुजे तारे. मोठा तारा बगॅस पेटवल्यासारखा भडकून संपतो. खुजा तारा शेणीसारखा धुमसत राहतो. आपल्याला सर्वात जवळचा प्रॉक्सिमा सेंटॉरी, ४.२४ प्रकाशवर्षांवर, वजनानं सूर्याच्या आठव्या हिश्शाएवढा, चालेल सुमारे ४ लाख कोटी वर्षं. त्याच्याभोवती एक ग्रह आहे, २०१६ साली सापडला. तारा मात्र चिडका आहे, मधूनच भडका मारतो, त्यामुळं शेजार सुखाचा नाही. असे खुजे तारे नव्यानं जन्मणं थांबून शेवटचा विझेपर्यंत साधारण १ वर १४ शून्यं एवढी वर्षं जातील. विश्वाचं आजचं वय १३८० कोटी. म्हणजे आतापर्यंत झालं त्याच्या सातेक हजार पट.

ताऱ्यांनंतर? कृष्णविवरं. ताऱ्यातल्या जळणात हायड्रोजनच्या वस्तुमानाचा जेमतेम ०.७ टक्का हिस्सा ऊर्जेत उतरतो. गरगर फिरणाऱ्या कृष्णविवराच्या फिरण्यातून तत्त्वतः त्याच्या वस्तुमानाच्या २९ टक्क्यांपर्यंत ऊर्जा काढता येते. बॉयलरवाल्याला यापेक्षा जास्त सांगायला नको. यंत्र कसं बांधायचं ते विचारू नकोस.

आता त्या १९७९ च्या गणिताकडं येतो, कारण तुझ्या 'कायम'चं उत्तर तिथं आहे. फ्रीमन डायसन या भौतिकशास्त्रज्ञानं विचारलं: विश्व प्रसरण पावत थंडच होत जाणार असेल, तर ते सोयीचं का म्हणू नये? थंडी म्हणजे उत्तम कंडेन्सर. त्यांचा मुद्दा असा की आयुष्य वर्षांत मोजू नये, विचारांत मोजावं. गाणं ऐकणाऱ्याला हे लगेच कळतं. विलंबितात एक आवर्तन मिनिटभर चालतं, द्रुतात काही सेकंदांत संपतं. पण तीनतालाच्या मात्रा सोळाच. कोल्हापूरकर इथं मला अडवतील की आपले जयपूर-अत्रौली घराण्याचे गवई फार विलंबितात जात नाहीत, तो किराणा घराण्याचा प्रांत. कबूल. पण डायसन यांचे भविष्यातले जीव किराण्याचेच आहेत. विश्व जसं गार होईल तशी ते लय खाली आणतात.

हिशेब ऐक. तापमान निम्मं केलं तर विचारांचा वेग निम्मा होतो, पण दर सेकंदाचा खर्च पावपट होतो. म्हणजे एका विचारामागचा खर्च निम्मा. पहिल्या हजार विचारांना एक भाकरी लागली, पुढच्या हजारांना अर्धी, त्यापुढच्यांना चतकोर, असं कितीही चाललं तरी दोन भाकऱ्यांच्या वर जात नाही. अनंत विचार, मोजकी शिदोरी. त्यांनी आकडाही काढला: आजच्या मानवजातीएवढा गुंतागुंतीचा समाज कायमचा चालवायला एकूण लागणारी ऊर्जा सूर्य आठ तासांत फेकतो तेवढी. एक शिफ्ट! हा आकडा वर्गात सांगितला की मागच्या बाकावरचीसुद्धा मान वर करायची.

एक अडचण मात्र त्यांना स्वतःलाच दिसली होती. तापमान खाली जाताना खर्च घटतो, पण उष्णता बाहेर टाकायची ताकद त्याहून भरभर घटते. तुझ्या भाषेत, कूलिंग टॉवर लहान पडतो. त्यावर तोड: सतत जागं राहायचं नाही. थोडा वेळ विचार करायचा, मग गाढ झोपायचं, साठलेली उष्णता निघून गेली की पुन्हा उठायचं. हा गळीत हंगामच की. चार-पाच महिने धुराडं, मग ऑफ-सीझन. फरक एवढाच की दर हंगामानंतरचा ऑफ-सीझन आधीच्यापेक्षा लांब.

१९९८ साली दूरच्या सुपरनोव्हांवरून, म्हणजे ताऱ्यांच्या स्फोटांवरून, दोन वेगवेगळ्या गटांना दिसलं की विश्वाचं प्रसरण मंदावत नाहीये, वाढत चाललंय. त्याला २०११ चं नोबेल मिळालं. आणि इथं डायसन यांच्या गणिताच्या पायाखालची वाळू सरकली. प्रसरण वाढतं असलं की दूरच्या दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखे ताऱ्यांचे प्रचंड समूह, एकेक करून आपल्या आवाक्याबाहेर जातात. आज दिसणाऱ्या दीर्घिकांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक आत्ताच अशा आहेत की इथून प्रकाश सोडला तरी त्यांना कधी गाठणार नाही. शिवाय अशा विश्वाला एक तळाचं तापमान असतं, त्याच्याखाली काही थंड होऊच शकत नाही: केल्व्हिनमध्ये, म्हणजे निरपेक्ष शून्यापासून मोजलेल्या अंशांत, दशांश चिन्हानंतर एकोणतीस शून्यं आणि मग २. ऐकायला काहीच नाही वाटतं, पण शून्य नाही. तिथवर पोचलं की कंडेन्सरचं पाणी यापुढं गार होणार नाही अशी पाटी लागली म्हणायची. भाकरीची चतकोर पुढं लहान होत नाही आणि शिदोरी मात्र मोजकीच.

लॉरेन्स क्रॉस आणि ग्लेन स्टार्कमन यांनी २००० साली छापलेल्या शोधनिबंधात हे मांडलं, आणि झोपेबद्दलही एक खोच काढली जी मला सगळ्यांत पटते. झोपायचं ठीक, उठवणार कोण? गजराचं घड्याळ लागतं. ऑफ-सीझनला कारखाना बंद असला तरी गेटवर वॉचमन असतो आणि त्याला पगार असतो. ऑफ-सीझन लांबत गेला की एक दिवस सगळा पैसा वॉचमनच्या पगारातच जातो.

ते तळाचं तापमान उभं आहे ते प्रसरण वाढवणारी कृष्ण ऊर्जा कायम तशीच राहील या गृहीतकावर. अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनामधून लाखो दीर्घिकांची मोजणी करणाऱ्या डेसी प्रकल्पानं २०२४ आणि २०२५ साली दिलेल्या निकालांत ती काळानुसार सौम्य होत असावी अशी चुणूक आहे. खात्री म्हणावी अशी नाही. तसं असेल तर डायसन यांच्या गणितात पुन्हा थोडी धुगधुगी येईल. म्हणून मी मघाशी 'हमी नाही' म्हटलं, 'अशक्य' म्हटलं नाही.

इथं कोल्हापूरकर म्हणून एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. जयंत नारळीकरांचा जन्म आपल्याच गावचा, १९ जुलै १९३८. त्यांनी आणि त्यांचे गुरू फ्रेड हॉइल यांनी स्थिर स्थितीच्या विश्वाची बाजू आयुष्यभर लढवली. त्या विश्वाला सुरुवात नाही, शेवट नाही. प्रसरणानं पडलेल्या मोकळ्या जागेत नवं द्रव्य तयार होत राहतं, नवे तारे जन्मत राहतात. म्हणजे तिथं दुकान कधी बंदच होत नाही. तुझ्या पोरीच्या प्रश्नाला नुसतं 'हो' म्हणणारं विश्व कोल्हापुरात जन्मलेल्या माणसानं उचलून धरलं होतं. १९६५ साली सापडलेल्या पार्श्वप्रारणामुळं, म्हणजे विश्वाच्या तापलेल्या बाळपणातून उरलेल्या प्रारणामुळं, बहुतेकांनी ते सोडून दिलं. आज ते प्रारण २.७ केल्व्हिनचं आहे. मीही ते शिकवताना मोडीत निघालेला सिद्धान्त म्हणूनच शिकवलं, पण दरवेळी थोडं वाईट वाटायचं.

तुझ्या प्रश्नातला 'विचार करणारं कुणीतरी' हा तुकडाही सोपा नाही. वरचं सगळं गणित असं धरून चालतं की जाणीव म्हणजे मांडणी. ती मेंदूत असो, सिलिकॉनमध्ये असो नाही तर धुळीच्या ढगात असो, फरक पडत नाही. डायसन यांनी हे गृहीतक आहे असं स्वच्छ लिहिलंय. माझा त्यावर पूर्ण विश्वास नाही, पण विरुद्ध पुरावाही माझ्याकडं नाही. दुसरं, ज्याच्याजवळ ठरावीकच साहित्य आहे त्याला ठरावीकच मनःस्थिती शक्य आहेत, कितीही प्रचंड संख्येनं का होईना. कायम जगला तर तो कधीतरी तेच विचार पुन्हा करू लागणार, चरकाला जुंपलेल्या बैलासारखा. आणि नवीन विचारांना जागा करायची तर जुनं पुसायला लागतं; पुसायला खर्च येतो, हे रोल्फ लांडाउअर यांनी १९६१ सालीच दाखवलं. संगणकात बेरीज तत्त्वतः फुकट होऊ शकते, विसरणं फुकट होत नाही. म्हातारपणी मला हे उलटं का वाटतं कुणास ठाऊक.

खूण टिकणं आणि जाणीव टिकणं यांतही गल्लत करू नको. १९७७ साली सोडलेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी आहे आणि तिच्यात केसरबाई केरकरांची साडेतीन मिनिटांची भैरवी आहे. केसरबाई अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या, आणि खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारचे गवई. म्हणजे कोल्हापुरातल्या देवल क्लब या गाण्याच्या संस्थेच्या परिसरात घुमलेली गायकी आज ग्रहांच्या पार पलीकडं, ताऱ्यांमधल्या अवकाशात आहे. तबकडीवर युरेनियमचा एक ठिपकाही आहे, सापडेल त्याला तिचं वय काढता यावं म्हणून. त्याचा अर्धायुष्यकाल सुमारे ४५० कोटी वर्षं. तबकडी पृथ्वीवरच्या उसापेक्षा जास्त टिकेल. पण ऐकणारा नसेल तर ती तांब्याची ताटली. पोरीला हे आवडेल, पण तिच्या प्रश्नाचं हे उत्तर नव्हे.

जवळच्या धोक्यांबद्दल फार लिहीत नाही, ते रोज पेपरात असतात. एक योगायोग सांगतो. २६ सप्टेंबर १९८३ च्या रात्री रशियात स्तानिस्लाव पेत्रोव या अधिकाऱ्यासमोरच्या यंत्रणेनं अमेरिकी क्षेपणास्त्रं सुटल्याचं दाखवलं. त्यानं ते खोटं समजून वर तसं कळवलं, आणि ते खरोखरच खोटं निघालं. २६ सप्टेंबर २०२२ ला, अमेरिकेच्या तारखेनं, डार्ट यान डिमॉर्फस या छोट्या लघुग्रहावर मुद्दाम आदळवलं आणि त्याची प्रदक्षिणा बत्तीसएक मिनिटांनी आखूड केली. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी डायनोसॉरना जे जमलं नाही ते. एकोणचाळीस वर्षांच्या अंतरानं एकाच तारखेला एकीकडं आपण स्वतःपासून वाचलो, दुसरीकडं आकाशापासून वाचायला शिकलो. वर मी शून्यं मोजत बसलो, पण माझी काळजी पहिल्या प्रकारची आहे. ताऱ्यांची नाही.

पोरीला हे सगळं वाचून दाखवू नकोस, कंटाळेल. मेच्या अखेरीला तिला घेऊन ये. वळवाचे ढग नसतील तर रात्री साडेदहाच्या सुमारास दक्षिण क्षितिजाच्या वर बारा अंशांवर, म्हणजे हात लांब करून धरलेल्या मुठीपेक्षा थोडं वर, मित्र, म्हणजे अल्फा सेंटॉरी हा तारा, दिसतो. त्याच्या उजवीकडं मित्रक हा तारा आणि त्याच्याही पुढं त्रिशंकू हा तारकासमूह तिला ओळखता येईल. प्रॉक्सिमा मित्राच्या शेजारीच, दोनेक अंशांवर, पण डोळ्यांना दिसत नाही. जागा कुठं आहे ते मी बोटानं दाखवीन. तुमच्या रानातून जमणार नाही, दक्षिणेला तुझ्या भावकीचा ऊस उभा आहे, बारा अंश त्यातच जातील. मसाईवरच जाऊ. तिला स्वेटर घालून आण, मे असला तरी वर वारं असतं.